तिसऱ्या माइकखाली

हसायचं काम करते म्हटलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता? मी सांगते, हसते. बावीस वर्षं झाली, अजून कुणाला एका फटक्यात पटलेलं नाही.

नीट सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. टीव्हीवर त्या घरगुती विनोदी मालिका असतात ना, मधोमध सोफा, मागे जिना, दारातून कुणीतरी येतं, एक वाक्य टाकतं आणि ढीगभर माणसं हसतात. आमच्याकडे ती माणसं खरी असायची. सेटसमोर पायऱ्यापायऱ्यांवर खुर्च्या, त्यांत पास काढून आलेली दीडशे माणसं आणि त्यांच्यात इकडेतिकडे पेरलेले आम्ही बारा जण. पास काढून आलेला माणूस बुजरा असतो. एवढे दिवे बघतो, एवढे कॅमेरे बघतो, आपण एकटेच हसलो तर काय घ्या म्हणून ओठ दाबून बसतो. कुणीतरी पहिलं हसावं लागतं. ते पहिलं हसणं माझं. मी हसले की बाकीचे अकरा, आणि त्यांच्यामागून सगळा हॉल. म्हणून तिथे मला काडी म्हणायचे. फ्लोअरवर हाकारे देत फिरणारा एक लांब मानेचा माणूस होता. तो रोज मला शोधायचा आणि म्हणायचा, "काडी आली ना? मग चला."

माझी खुर्ची ठरलेली होती, चौथी रांग, छताला टांगलेल्या तिसऱ्या माइकच्या बरोबर खाली. माझं हसणं आईवर गेलंय. आधी श्वास अडकतो, मग आवाज दोन पायऱ्या चढतो आणि शेवटी उचकी लागल्यासारखा तुटतो. लहानपणी यापायी वर्गाबाहेर उभी राहिलेय. पुढे त्यावरच पोट भरलं. साउंडच्या खोलीत बसणारे दादा म्हणायचे, शंभर माणसांत तुमचं हसणं वेगळं काढून दाखवतो. मला तेव्हा याचं भारी कौतुक वाटायचं.

आमच्या कामाचे दोन नियम होते. एक, हसणाऱ्यांना गोष्ट आधी सांगायची नाही. शिळं हसू माइकला कळतं म्हणे. आणि दुसरा, एखादा प्रसंग दोनदा घेऊनही हॉल थंड राहिला तर तो काढून टाकायचा. दिग्दर्शक हट्टाने पाळायचा हे. मी त्या दुसऱ्या नियमावर विसंबले, तिथेच माझं चुकलं.

घरात आम्ही दोघं, मी आणि अप्पा. नवरा होता, तो निघून गेला, त्याचं काही सांगण्यासारखं नाही. धाकटा भाऊ बायकोबरोबर वेगळा राहायचा आणि आमच्याच मालिकेचे भाग लिहायचा. त्याला तिथे मीच चिकटवला होता, हे तो चारचौघांत कधी सांगायचा नाही. असो.

अप्पा बस डेपोत फिटर होते. चाळीस वर्षं इंजिनं ऐकण्यात गेली. बॉनेट न उघडता सांगायचे, कुठला भाग ढिला झालाय. म्हातारपणी डोळे गेले, अगदी आंधळे नाहीत, पण टीव्ही म्हणजे नुसता हलता उजेड. कान मात्र शाबूत. सोमवारी संध्याकाळी साडेसातला मालिका लागायची. अप्पा खुर्ची ओढून टीव्हीला कान लावून बसायचे, आणि माझं हसणं आलं की बोट वर करायचे. "ही तू." दोन मिनिटांनी पुन्हा बोट. "ही पण तू. इथे मनापासून नाही हसलीस." बरोबर असायचं त्यांचं. विनोदाशी त्यांना काडीचं घेणं नव्हतं. भाग संपला की मोजून सांगायचे, आज अकरा वेळा आलीस.

एकदा मी त्यांना चित्रीकरणालाही नेलं होतं. तेव्हा थोडंफार दिसत होतं. शेजारी बसवलं, निक्षून सांगितलं की बोलायचं नाही. समोर एक नट गॅरेजवाला झाला होता. अप्पा दहा मिनिटं कसेबसे गप्प बसले, मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "पाना उलटा धरलाय गाढवाने." मला जे हसू फुटलं ते आवरेना. विनोद व्हायच्या आधीच हसले, माझ्यामागून हॉल हसला, आणि तो नट बिचारा आपण काय केलं म्हणून गोंधळून उभा. त्याबद्दल मी बोलणी खाल्ली. अप्पा घरी येईपर्यंत खूश होते.

आता खरं सांगायचं ते. गेल्या वर्षापासून अप्पांना अंथरुणात व्हायला लागलं. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी मी उठायच्या आत ते चाचपडत ओला पायजमा बदलायचे आणि खाटेखालच्या हत्यारांच्या पेटीत कोंबून ठेवायचे. त्या पेटीला माझा हात कधी लागायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण वास यायचा राहतो का? एक दिवस ते आंघोळीला गेल्यावर मी पेटी उघडली. पाने, पकडी, हातोडी आणि वर तो पायजमा.

मी तो धुतला, वाळवला, इस्त्री करून कपाटात बाकीच्या पायजम्यांच्या मध्ये ठेवला. पाने गंजू नयेत म्हणून तेलाचं फडकं फिरवलं. तेव्हापासून तोच आमचा शिरस्ता. ते लपवायचे, मी काढायचे, आणि दोघंही काही झालंच नाही अशा तोंडाने चहा प्यायचो. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. किंवा त्यांना कळलं होतं आणि कळलेलं नाही असं त्यांना दाखवायचं होतं. मला एवढंच समजत होतं की हे तोंडातून निघालं तर हा माणूस मोडेल. आयुष्यभर दुसऱ्याचं गळणारं इंजिन दुरुस्त केलेला माणूस तो.

आणि ते माझ्याच तोंडातून निघालं. भाऊ एका दुपारी घरी आला होता, अप्पा आत झोपले होते. मी त्या आठवड्यात चार पायजमे धुतले होते, पाठीचा काटा ढिला झाला होता. त्याने विचारलं, अप्पा कसे आहेत, आणि मी सांगून बसले. रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी हसत सांगितलं. पान्यांना तेल लावते ते सांगताना तर आम्ही दोघंही तोंडावर हात धरून हसलो. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्या घरातलं आपण हसायचं नाही तर काय करायचं? तो जाताना फक्त म्हणाला, "ताई, तुझ्या सांगण्यात मजा असते हं." माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही.

दीड महिन्याने एका चित्रीकरणाला सेटवर सोफ्याऐवजी खाट दिसली. खाटेवर मालिकेतला आजोबा बसलेला. सून येते, नळ गळतोय म्हणते. नळ दुरुस्त करणारा येतो आणि म्हणतो, माझा पाना राहिला, घरात आहे का एखादा? सून म्हणते, आजोबांच्या पेटीत असेल की. तिने खाटेखाली हात घातला. आजोबा म्हणतो, उघडू नको, त्यात माझी इस्टेट आहे. ती पेटी ओढते, झाकण उघडते आणि दोन बोटांच्या चिमटीत ओला पायजमा वर काढते. नळवाला पायजम्याकडे बघतो, नळाकडे बघतो आणि म्हणतो, "बाई, मला कशाला बोलावलंत? गळती तर इकडे आहे."

विनोद चांगला होता. हे कबूल करायला जीव जातो, पण बावीस वर्षं हेच केलंय, मला कळतं. श्वास अडकला देखील. हसू नरड्यापर्यंत आलं होतं. मी दात आवळले.

हॉल गप्प. अकरा माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी मागून खुसखुसलं आणि लाजून थांबलं. समोर ती नटी पायजमा हातात धरून तशीच उभी.

दिग्दर्शकाने थांबवलं. लांब मानेचा धावत आला, वाकून म्हणाला, "काय हो, झोप लागली का?"

"घसा बसलाय," मी म्हटलं.

"मग खोका आणि मोकळा करा. पुन्हा घेतोय."

पुन्हा घेतलं. पुन्हा पेटी, पुन्हा पायजमा, पुन्हा ते वाक्य. मी मांडीवरच्या पर्समध्ये नखं रुतवून बसले होते. शिळा झालेला विनोद आणि पहिली हसणारी गप्प, कोण हसणार? दोनदा हॉल थंड. दिग्दर्शकाने हात झटकला, "पुढचा घ्या." मी पर्समधून नखं काढली. वाचले म्हटलं. अप्पा वाचले.

संपल्यावर भाऊ मला मेकअपच्या खोलीबाहेर गाठायला आला. तोंड फुगलेलं.

"माझ्या भागातला सगळ्यात चांगला प्रसंग होता तो, ताई."

"तुझा? अप्पांचा पायजमा तुझा कधी झाला?"

"हळू बोल. कुणाला कळणारेय? नाव आहे का कुठे त्यांचं?"

"त्यांना कळेल. पेटी त्यांची, पाने त्यांचे. दर सोमवारी कान लावून बसतो तो माणूस. त्यांना काय वाटेल, घरातून बाहेर कसं गेलं हे?"

तो भिंतीचा पोपडा नखाने काढू लागला. मुळात वाईट नाही तो, उथळ आहे. म्हणाला, "जाऊ दे. आता निघालाच ना तो. दोनदा थंड गेला."

"नक्की?"

"अगं, नियमच आहे. आणि मी बोलतो दिग्दर्शकाशी."

तीन दिवसांनी मी फोन करून विचारलं. "काढला काढला," म्हणाला. घाईत होता. कुणाशी बोलला नव्हता, हे मला नंतर कळलं.

तो भाग लागला त्या सोमवारी मी निर्धास्त होते. अप्पा खुर्चीत, मी मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत. दोनदा बोट वर झालं. "ही तू. ही तू." आणि मग पडद्यावर खाट आली.

मी उठले. म्हटलं, "अप्पा, चहा टाकू का? बंद करते थोडं, डोकं दुखतंय."

"थांब गं. ऐकू दे. तू येशील आता."

मी रिमोट हातात घेऊन उभी. बंद केला असता तर काय झालं असतं? त्यांनी विचारलं असतं का, आणि मला सांगता आलं नसतं. तेवढ्या विचारात पेटी ओढल्याचा आवाज झाला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. अप्पांची मान किंचित वर आली. मग झाकण. मग ती नटी म्हणाली, "अगंबाई, आजोबा, हे काय, ओला पायजमा?" मग नळवाल्याचं वाक्य.

आणि मग मी हसले.

पलंगाशी उभी होते ती मी नाही. टीव्हीतली. एकटी, स्वच्छ, आधी श्वास अडकला, आवाज दोन पायऱ्या चढला, उचकी लागून तुटला, आणि माझ्यामागून दीडशे माणसं. इतकं मनापासून हसलेलं मला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं.

अप्पांचं बोट सवयीने वर गेलं होतं. ते तसंच राहिलं थोडा वेळ. मग त्यांनी ते खाली घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

भाग संपेपर्यंत ते बसून राहिले. पुढे मी आणखी दोनतीनदा आले असेन, बोट हललं नाही. शेवटी त्यांनी खुर्ची नीट मागे सरकवली आणि म्हणाले, "आज आवाज स्पष्ट आला तुझा."

तेव्हाच पाय धरायला हवे होते, सगळं ओकून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी पेटी कोरडी. तिसऱ्या दिवशी कोरडी. आठवडा गेला, दहा दिवस गेले, अंथरूण कोरडं, पायजमे कोरडे. आणि मी बिनडोक, मला बरं वाटलं. वाटलं, सुधारतंय. अप्पा बोलायचे कमी, झोपून असायचे, ओठांना पापुद्रे सुटले होते, मी म्हटलं उन्हाळा आहे. अकराव्या दिवशी खिडकीतल्या कुंडीतलं रोप कुजलेलं दिसलं. एवढ्या उन्हात रोपं वाळतात, हे पाण्याने कुजलं होतं. मी दर दोन तासांनी त्यांच्या उशाशी पेला भरून ठेवायचे, परत येईपर्यंत रिकामा व्हायचा. तो सगळा कुंडीत जात होता. अप्पांनी पाणी सोडलं होतं. घशाला कोरड पडू नये एवढा घोट, आणि बाकी कुंडी.

त्याच दुपारी ते उठून बसायला गेले आणि कोसळले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, पाणी किती पितात हे? मी सांगितलं, भरपूर. नंतर मला ते उत्तर कागदावर खोडायला लावावं लागलं. मूत्रपिंडं थकली होती, ती परत उभी राहिली नाहीत.

भाऊ यायचा, पायथ्याशी उभा राहायचा, रडायचा, जायचा. मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायचं त्राण ज्याच्यासाठी ठेवलं होतं तो माणूस खाटेवर होता. एका सकाळी ते जरा शुद्धीवर होते. हाताला नळ्या, खाली लघवीची पिशवी लोंबत होती, येणाराजाणारा ती बघत होता. मी पिशवीवर टॉवेल टाकला आणि कानाशी जाऊन म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी मी हसले नव्हते. दोनदा घेतलं, दोनदा गप्प बसले. शप्पथ."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं आवाज ओळखण्यात गेली माझी."

"हो, पण अप्पा—"

"तुझंच होतं. आणि मनापासून होतं." त्यांनी डोळे मिटले. आवाजात राग नव्हता, राग असता तर मी कुठेतरी धरून राहिले असते. "असू दे. पान्यांना तेल लावायचीस, तेव्हाच समजलं होतं मला. तू दुसऱ्याला सांगशील असं वाटलं नव्हतं, इतकंच."

सांगितलं तर होतंच. चौथ्या दिवशी ते गेले.

महिन्याने मी स्टुडिओत गेले, ओळखपत्र परत करायला. पुन्हा त्या खुर्चीत बसणं जमणार नव्हतं. साउंडच्या खोलीवरून जाताना दादांनी आत बोलावलं. साठीचा माणूस, भला, वर्षानुवर्षं कानांवर ते हेडफोनचे डबे चढवून बसलेला. खुर्ची पुढे केली, म्हणाले, "वडिलांचं कळलं. मला एक सांगायचं होतं, बरेच दिवस राहून गेलं. तो पायजम्याचा प्रसंग आठवतो? तुम्ही दोनदा गप्प बसलात. भाग दीड मिनिटाने कमी पडत होता, म्हणून ठेवायचं ठरलं. दिग्दर्शक म्हणाला, ही बाई संपली, पुढच्या महिन्यापासून दुसरी बघा. मला राहवेना. मी म्हटलं, थांबा, ती हसली होती, माइक बिघडला होता. आणि साठवणीतलं तुमचं सगळ्यात चांगलं हसू काढून तिथे बसवलं. जपून बसवलं, कुणाला सांधा दिसला नाही. तुमचं काम वाचलं."

आभार मानावेत अशा चेहऱ्याने बघत होते माझ्याकडे. त्यांना काय माहीत? मी कधी सांगितलंच नव्हतं कुणाला, मी का गप्प बसले ते.

"कुठलं हसू?" मी विचारलं.

"जुनं आहे. ते गॅरेजवाल्याचं, तुम्ही आधीच हसला होतात आणि ओरडा पडला होता, ते. तसं हसू तुमच्याकडूनसुद्धा पुन्हा मिळालं नाही. फक्त त्याच्या आधी कुणीतरी म्हातारा पुटपुटत होता, तेवढा कापून टाकला मी."

मी खुर्चीचा हात धरला. "तो म्हातारा आहे अजून?"

"मूळ फीत आहे ना. ऐकायचंय?"

त्यांनी ते डबे माझ्या कानांवर चढवले. आधी हॉलची खरखर, लांबून कुणाचा तरी खोकला. मग अगदी जवळ, माझ्या उजव्या कानाशी, अप्पा. "पाना उलटा धरलाय गाढवाने." आणि लगेच त्यांच्यावर तुटून पडलेली मी, दोन पायऱ्या वर, उचकी. शेवटचे दोन शब्द माझ्या हसण्याखाली गेलेत, ते ज्याला ठाऊक आहेत त्यालाच कळतात.

पाचसहा वेळा ऐकलं. दादा चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, "देऊ का तुम्हाला हे? तुमचंच हसू आहे, आठवण म्हणून."

"हसू कापा," मी म्हटलं. "आधीचं तेवढं द्या."

"मग काय उरतं हो त्यात? दीड सेकंद."

"दीड तर दीड. कापा."

ते पडद्याकडे वळले आणि कापायची जागा शोधू लागले.